सॅटर्न ५ चं मॉडेल: १:१०० घेऊ की १:२००?

लेकीसोबत सॅटर्न ५ चं, म्हणजे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या रॉकेटचं, मॉडेल बनवून उडवायचंय पण साईझ ठरत नाहीये म्हणालास, तर मला जे वाटतं ते सांगतो.

खरं रॉकेट ११० मीटरचं, म्हणजे मोठं मॉडेल (१:१००) १.१ मीटर आणि छोटं (१:२००) जेमतेम ५५ सेंटीमीटर. दिसायला अर्धं, पण रंगवायचा पृष्ठभाग चौपट कमी! आणि सॅटर्नमध्ये खरी मेहनत रंगातच आहे, ते काळे-पांढरे पट्टे मास्किंग टेप लावून काढायचे, टेपची कड नखाने नीट दाबली नाही की काळा रंग आत झिरपलाच म्हणून समज. पण मोठ्यात हेच काम हाताला सोपं जातं, छोट्यात पट्टे फार बारीक.

टोकावरचा एस्केप टॉवर (धोका झाला तर अंतराळवीरांना दूर नेणारा बारीक मनोरा) दोन्हीत नाजूक. मोठं मॉडेल जड, पॅराशूट असलं तरी जोरात टेकतं आणि पहिला तोच तुटतो, छोटं त्यामानाने वाचतं.

खर्चाचं म्हणशील तर नुसती किटची किंमत बघू नकोस, इंजिन दर उड्डाणाला नवं लागतं. छोट्याला सी क्लास पुरतो, मोठ्याला डी किंवा ई (अक्षर जितकं पुढचं तितकं इंजिन ताकदवान). अमेरिकेतल्या सेफ्टी कोडप्रमाणे सी ला ४०० फुटांचं मैदान चालतं, ई ला थेट १००० फूट, तेवढं मोकळं मैदान जवळपास आहे का बघ आधी.

लेक लहान असेल, वारंवार उडवायचं असेल तर डोळे झाकून १:२००. महिनाभर निवांत बसून बनवायचं, एखाद-दोनदा उडवून शोकेसमध्ये ठेवायचं तर १:१०० च घे.