वायनाडच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या दगडांचा बॉक्स, घ्यावा का? (कॉलेज रोड, नाशिक)

नाशकात दगडांच्या दुकानात गेलं की अपोफिलाइट, स्टिल्बाइट, परत अपोफिलाइट. आपल्या बेसॉल्टच्या (काळ्या दगडाच्या) पोकळ्यांत हेच चमकदार स्फटिक सापडतात, त्यामुळे साहजिकच आहे. पण कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटं दुकान आहे तिथे वायनाडच्या सोन्याचा सॅम्पल बॉक्स मिळतो, साडेअठराशेला, आणि त्यासोबत दुकानवाले काका रविवारी सकाळी बसून समजावून सांगतात ते फ्री. मी बॉक्सपेक्षा त्या समजावण्यासाठी पाच स्टार देतोय.

बॉक्समध्ये नाइस या पट्टेदार खडकाचा तुकडा, पांढरा क्वार्ट्झ (गारगोटी), गंजाचे डाग पडलेला क्वार्ट्झ, पायराइट (लोखंड आणि गंधकाचं, सोन्यासारखं चमकणारं खनिज), घासून बघायला बिनग्लेझची चिनीमातीची फरशी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. भिंग खरंच चांगलं आहे, कडेला रंग फुटत नाहीत.

वायनाड म्हणजे इथे देवाला आणि पंदलूर या गावांचा भाग, आज तामिळनाडूत गुडलूरकडे येतो, चहाचे मळे, जंगल, हत्ती. १८७९ च्या सुमारास सरकारने ऑस्ट्रेलियातून रॉबर्ट ब्रफ स्माइथ नावाचा माणूस तिथलं सोनं तपासायला आणला, त्याचा रिपोर्ट आला आणि लंडनमध्ये धडाधड कंपन्या निघाल्या, शेअर विकले गेले, डोंगरात मशिनरी चढवली आणि थोड्याच वर्षांत सगळं बसलं. मला वाटायचं सोनं संपलं असेल. काकांनी तो गंजका तुकडा हातात दिला आणि म्हणाले आधी हा बघा.

भिंगातून बघितलं तर क्वार्ट्झमध्ये बारीक चौकोनी खड्डे दिसतात, रिकामे, आत तपकिरी गंज. तिथे आधी पायराइट होतं. जमिनीत खोलवरून गरम पाणी भेगांतून वर येतं, त्यात सोनं गंधकाशी बांधलेलं असतं, आजूबाजूच्या खडकातलं लोखंड ते गंधक ओढून घेतं की पायराइट बनतं आणि सोनं तिथेच बसतं. पुढे करोडो वर्षं पाऊस, पायराइट गंजून वाहून जातं, सोनं गंजत नाही, ते मागे मोकळं राहतं. म्हणजे वरचा थर निसर्गानेच साफ करून ठेवलेला, धुतलं की सोनं दिसणार! खाली ताज्या दगडात गेलं की तेच सोनं गंधकाच्या खनिजात अडकलेलं, भेगांत भरलेल्या क्वार्ट्झच्या शिरा बारीक होतात, प्रतही, म्हणजे टनामागचं सोनं, घसरते. वरच्या सॅम्पलवर हिशोब मांडला तर कंपनी बुडणारच.

दुसरी गोष्ट त्यांनी कॅल्क्युलेटरवर करून दाखवली ती तर मी घरी सगळ्यांना सांगितली. टनाला ५ ग्रॅम म्हणजे बऱ्यापैकी प्रत. मग २०० ग्रॅमच्या मुठीएवढ्या दगडात किती? १ मिलिग्रॅम. तो एकच कण असेल तर त्याची बाजू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. तो कण तुमच्या तुकड्यात आला तर खाण भारी, शेजारच्या तुकड्यात गेला तर शून्य. म्हणून चार-दोन दगड तपासून सोन्याची जागा ठरत नाही, ड्रिलिंग करावं लागतं आणि तेही भरपूर.

माझ्या पुतणीने लगेच पायराइट उचलून काका हे सोनं ना, केलं. त्यांनी फरशीवर घासायला लावलं, काळपट हिरवी रेघ आली. सोन्याची पिवळीच येते, आपल्या सराफ बाजारात कसोटीवर लावतात तसंच. सुईने टोचलं तर पायराइटचा भुगा होतो, सोन्याला नुसता खळगा पडतो. आणि झारेकरी पेढीसमोरची माती पाण्यात हलवून सोनं काढतात ते जमतं कारण सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू अडीच पट, हेही तिथेच कळलं.

आता तक्रारी. लेबलवर फक्त ‘वायनाड’ लिहिलंय, गाव नाही, खडक कुठल्या थरातला ते नाही, आणि दगडाच्या बॉक्ससाठी हे मला पटत नाही कारण जागा माहीत नसेल तर दगडाची निम्मी माहिती गेलीच. खालचा ताजा, न गंजलेला शिरेचा तुकडा हवाच होता, पायराइट सुटं दिलंय पण ते क्वार्ट्झमध्ये बसलेलं बघायला मिळायला पाहिजे. नकाशा झेरॉक्स आहे, नावं वाचता येत नाहीत. काकांना सांगितलं, पुढच्या लॉटमध्ये बघतो म्हणाले.

बॉक्समध्ये डोळ्याला दिसेल असं सोनं नाहीये, हे काका आधीच सांगतात, त्यामुळे चमकणारं काही हवं असेल तर अपोफिलाइट-स्टिल्बाइटच घ्या. सातवी-आठवीच्या पुढची मुलं असतील तर सोबत न्या, रविवारी दहाच्या आत जा, नंतर गर्दी होते आणि मग काका निवांत बोलू शकत नाहीत. गाडी मेन रोडलाच लावा.