जेल शिफ्ट की ॲनिसोट्रॉपी?

शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं: फॉस-जुन ही प्रथिनांची जोडी डीएनएला कशी बसते, हे कशाने तपासू? मार्ग दोन. जेल शिफ्टमध्ये विजेच्या दाबाने डीएनए जेलमधून पळवतात; प्रथिन चिकटलेला डीएनए मागे राहतो आणि त्याचा वेगळा पट्टा वर दिसतो. ॲनिसोट्रॉपीत चमकणारी खूण लावलेल्या डीएनएचं फिरणं प्रथिन चिकटल्यावर मंदावतं, ते ध्रुवित प्रकाशाने मोजतात.

खर्चात जेल शिफ्ट सरस. जेलचा संच, पॉवर पॅक आणि खूण लावलेला डीएनए एवढ्यावर भागतं. ॲनिसोट्रॉपीला ध्रुवीकरणाचे फिल्टर असलेला प्लेट रीडर किंवा फ्लुओरोमीटर (चमक मोजणारं यंत्र) हवा; तो विभागात नसेल तर विषयच संपला.

मेहनतीत उलटं. जेल तापलं की जोडी डीएनएपासून सुटते, म्हणून कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये ते शीतखोलीतच चालवायचं. शिवाय १९८१ पासूनच्या या पद्धतीत जेल चालताना बंध जुळण्या-सुटण्याचा समतोल मोडतो, बंध असतो त्यापेक्षा सैल दिसू शकतो. ॲनिसोट्रॉपी द्रावणातच, समतोलात मोजते.

पण खरी गोम जोडीदारात आहे. टीजीएसीटीसीए या डीएनएच्या क्रमावर जुन-जुन, म्हणजे दोन जुनची जोडीही बसते, फॉस-जुन जास्त घट्ट. ॲनिसोट्रॉपीला डीएनएला काहीतरी चिकटलं एवढंच कळतं. जेलवर चढवायच्या मिश्रणात फॉसलाच चिकटणारी अँटिबॉडी घातली की फॉस असलेला पट्टा आणखी वर सरकतो.

कोण बसलंय हे हवं, तर जेल. शुद्ध प्रथिनं हाताशी असून बऱ्याच क्रमांचे बंधांक (बंध किती घट्ट ते सांगणारे आकडे) हवेत, तर ॲनिसोट्रॉपी. तिला मी जेलच सांगितलं.