‘नोकरीची हमी’वाला मोफत कोर्स : आठ महिन्यांनंतर

बिल्डिंगमधल्या तिघींनी विचारलं, "ताई, तो कोर्स करू का?" तिघींना जिन्यात उभं राहून तेच तेच सांगितलं. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझं. तुर्भ्याला औषधांच्या पॅकिंगमध्ये चौदा वर्षं काढली. आधी ब्लिस्टर लाइन, मग कार्टनिंग, शेवटची तीन वर्षं लाइनची इनचार्ज. गेल्या वर्षी कंपनीनं इथला गाशा गुंडाळून प्लांट गुजरातला नेला. हिशोब चोख दिला, त्याबद्दल तक्रार नाही. वय एक्केचाळीस, शिक्षण बारावी, राहायला कळव्याला. मुलानं मोबाइलवर जाहिरात दाखवली : सरकारी योजना, तीन महिने, फी शून्य, नोकरीची हमी. फॉर्मही त्यानंच भरला.

योजना सरकारची, पण केंद्र चालवणारी संस्था खासगी. नाव लिहीत नाही, कारण नाव बदलून हाच अनुभव बऱ्याच ठिकाणी येईल असं मला वाटतं. केंद्र वागळे इस्टेटमध्ये, एका जुन्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. एमआयडीसीची पहिली वसाहत ती हीच, १९६२ सालची. माझे सासरे तिथेच लेथवर होते. त्यांना कामाला लावायला तेव्हा असल्या कुठल्या केंद्राची गरज पडली नव्हती.

कोर्स मिळाला ‘वेअरहाउस पॅकर’चा. म्हणजे खोकं कसं बांधायचं, टेप कशी मारायची. मी काउंटरवरच्या मॅडमना म्हटलं, अहो, हेच तर मी चौदा वर्षं करतेय. आधीपासून काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन थोड्या दिवसांत सर्टिफिकेट देतात अशी सोय असते, ती मला द्या ना. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ते टार्गेट नाही ताई. ही बॅच भरायचीय, तीसला चार कमी आहेत." तर मी त्या चारांतली एक.

शिकवणारे सर चांगले होते, हे आवर्जून सांगते. पंचविशीतला मुलगा, स्वतःही कंत्राटावर, पगार दोन महिने थकलेला. एकदा त्यांनी फिफो शिकवलं : आधी आलेला माल आधी बाहेर. मी म्हटलं, सर, औषधांत तसं चालत नाही. आधी कधी आलं ते नाही, आधी कुणाची मुदत संपतेय ते बघायचं. मागाहून आलेल्या बॅचची एक्स्पायरी कधी कधी आधीची असते. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, मोबाइलवर फोटो काढला आणि पुढच्या तासाला मलाच उभं केलं. त्या तीन महिन्यांत मन लागलं ते त्या एका तासाला.

बाकी सगळा कारभार अंगठ्याचा. दाराशी बायोमेट्रिक मशीन, सकाळी येताना अंगठा, जाताना अंगठा. माझा अंगठा मशीन घ्यायचंच नाही. कार्टन घडीला घालून घालून रेषाच पुसल्या गेल्यात. मग शिपाई ओलं फडकं आणायचा, मॅडम पावडर लावायच्या, दुसरं बोट, तिसरं बोट. कधी कधी पाव तास यात जायचा. आत वर्गात प्रोजेक्टर महिनाभर बंद होता, त्याच्याकडे कुणी इतकं लक्ष दिलं नाही. मला आधी वाटलं, किती काळजी घेतात! नंतर सरांनीच चहा पिताना समजावलं. संस्थेला पैसे हप्त्यानं येतात. केंद्र सरकारच्या नियमांत बरीच वर्षं तीस-पन्नास-वीस अशी वाटणी होती : बॅच सुरू झाली की तीस टक्के, परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळालं की पन्नास, नोकरी दाखवली की उरलेले वीस. म्हणजे मला नोकरी लागो न लागो, ऐंशी टक्के घरात. हाताला काम मिळालं काय, न मिळालं काय, अंगठा मात्र लागलाच पाहिजे!

त्यातही प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या आवृत्तीत अल्पमुदतीच्या कोर्सच्या पैशांना नोकरीचा हिशोबच जोडलेला नाही. आमच्या योजनेत तो अजून होता, म्हणून निदान नोकरी मेळावा तरी झाला.

मेळाव्याची गंमत ऐका. कंपन्यांची माणसं सकाळी आली. बाइक असलेली, थोडं इंग्रजी बोलणारी पाच-सहा मुलं तासाभरात निवडली गेली. त्यांना तशीही कुठेतरी नोकरी लागलीच असती. आम्ही बायका, एक पाय अधू असलेला मुलगा आणि दोन पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ संध्याकाळपर्यंत खुर्च्यांवर. इंग्लंडात २०११ मध्ये बेरोजगारांना कामाला लावायचं काम असंच खासगी कंपन्यांना दिलं होतं, जेवढ्यांना काम लागेल तेवढे पैसे या बोलीवर. तिथे या प्रकाराला ‘क्रीमिंग आणि पार्किंग’ असं नावच पडलं होतं : सोपी माणसं ती साय, ती वरून काढून घ्यायची, अवघड माणसं गाडीसारखी बाजूला लावून ठेवायची. पहिल्या चौदा महिन्यांत टिकाऊ काम लागलं ३.६ टक्के लोकांना, अपेक्षा ११.९ टक्क्यांची होती. हे त्यांच्या संसदेच्या लोकलेखा समितीनं २०१३ मध्ये सांगितलं. वाचलं तेव्हा मला त्या खुर्च्या आठवल्या.

शेवटी आम्हालाही ऑफर लेटर मिळालं. मिळालं म्हणजे काय, एक पाकीट होतं. ते हातात धरून फोटो काढायचा, मग पुढच्याला द्यायचं. माझ्या हातात आलं तेव्हा वरचं नाव सुनीता होतं. मी सुनीता नाही.

काम भिवंडीच्या गोदामात, बारा तास, पगार ११,५०० रुपये, तोही ठेकेदाराकडून. कळव्याहून ठाणे, ठाण्याहून बस, पुढे शेअर रिक्षा. जायला-यायला रोजचे सव्वाशे रुपये आणि चार तास. मी नऊ दिवस केलं. एका रात्री साडेअकराला घरी पोचले आणि दुसऱ्या दिवशी गेले नाही. केंद्राकडून "का सोडलं?" असा फोन नाही आला. त्यांच्या वहीत माझी नोकरी लागलेली होती.

मला वाटायचं, हे आमच्याच नशिबी. मग डिसेंबर २०२५ मध्ये सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल संसदेत आला. कौशल्य विकास योजनेच्या सुमारे ९५ लाख ९० हजार नोंदींपैकी ९० लाख ६६ हजारांत बँक खात्याच्या रकान्यात शून्य, ‘लागू नाही’ किंवा काहीच नाही. एकच फोटो अनेक उमेदवारांना लावलेला. अल्पमुदतीच्या कोर्सचं सर्टिफिकेट मिळालेल्यांपैकी नोकरी लागल्याची नोंद ४१ टक्क्यांची. त्या ४१ टक्क्यांत पाकीट धरून उभी राहिलेली किती, ते मी कशाला सांगू.

आणि जी गोष्ट खरंच कामाची होती, ती केंद्रात कुणी उच्चारलीसुद्धा नाही. माझा पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मर्यादेत होता. नोकरी गेलेल्या विमाधारकाला २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे : अटींत बसलात तर जास्तीत जास्त नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, आयुष्यात एकदाच. हे मला कळलं ईएसआयच्या दवाखान्यात, औषधांच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईकडून. अर्ज केला, दोन हेलपाटे पडले, पैसे आले. उशिरा आले, पण खात्यात आले. अंगठा कुणी मागितला नाही.

जुन्या पगारपावत्या चाळताना आणखी एक दिसलं. कित्येक वर्षं माझ्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जायचा (२०२३ पासून बायकांना २५,०००पर्यंत माफ झाला). हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. काम मागितलं की पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, असा तो कायदा. पण गावातल्या माणसासाठी. शहरातल्या आम्ही कर भरायचा आणि वाट्याला ‘वेअरहाउस पॅकर’.

तर करावा का? विशी-बाविशीत असाल, घरी बसून असाल आणि केंद्र चालत जाण्यासारखं असेल तर करा, सर चांगले भेटले तर काहीतरी मिळतं. माझ्यासारखा अनुभव असेल तर आधी जुन्या सुपरवायझरना फोन करा. मी तेच उशिरा केलं. आता रबाळ्याला मसाल्यांच्या पॅकिंगमध्ये आहे, १४,५०० रुपये, आठ तास, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलनं सरळ जाता येतं. सर्टिफिकेट कुणी बघितलं नाही, कपाटात आहे.

परवा केंद्रातून फोन आला. पाच महिन्यांत पहिलाच. "मॅडम, अभिनंदन! कुठे लागलात? फक्त पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवा, बाकी आम्ही बघतो." काल पुन्हा आला, आज सकाळी पुन्हा. स्लिप टेबलावरच आहे. मी अजून पाठवलेली नाही.