अंबाड्यासाठी काय विणावं: आतलं कडं की वरची जाळी?

अंबाडा मनासारखा होत नाही, त्याची कारणं बहुधा दोन. केस पातळ असले की अंबाडा सुपारीएवढा होतो. किंवा केस भरपूर असतात, पण कापलेले पायऱ्यापायऱ्यांनी. मग थोड्या वेळात चहूकडून टोकं डोकावू लागतात. पहिल्या अडचणीला आत घालायचं कडं हवं, दुसरीला वरून बसणारी जाळी. उलट केलंत तर मेहनत फुकट जाते. जाळीखाली पातळ अंबाडा आणखी चपटा दिसतो, आणि दाट केस कड्याभोवती गुंडाळले की डोक्यावर नुसता डोलारा.

विणायला कडं केव्हाही सोपं. मध्यम जाडीची लोकर, 4 मिमीच्या सुया, 24 टाके. एक ओळ सुलट, एक उलट. साधारण 16 सेंमी लांबी झाली की टाके बंद करायचे. या विणीच्या उभ्या कडा आपोआप मागे वळतात. मफलर विणताना याच वळण्याचा वैताग येतो, इथं मात्र ते पथ्यावर पडतं: पट्टी आपणहून नळी व्हायला बघते. उशीत भरतात तो हलका कृत्रिम कापूस आत घालून कडा शिवायच्या आणि नळीची दोन टोकं जोडायची. साधारण साडेआठ सेंमी रुंदीचं कडं तयार होतं. कापूस ठासून भरू नका. कडं दबतं राहिलं तर यू-पिन टाक्यांतून आत जाते आणि तिथंच अडकते, घसरत नाही. रंग मात्र केसांच्या जवळचाच घ्या, कारण केस जरा बाजूला सरकले तरी आतली लोकर दिसते.

जाळीला रंगाची अशी अट नाही. ती दिसावी म्हणूनच घालायची. पण काम किचकट. दुटोकी सुयांवर 8 टाक्यांनी मधून सुरुवात करायची, आणि पहिले दोन-तीन फेरे त्या सुया हातात धड राहत नाहीत. ते पार पडले की मधूनमधून टाके वाढवत जायचं. जाळीसाठी धागा सुईवर घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे. कडेच्या भोकांतून बारीक इलॅस्टिक ओवलं की झालं. माझं विचाराल तर, क्रोशे येत असेल तर जाळीसाठी सुयांच्या वाटेला जाऊच नका. क्रोशाने ती लवकर होते आणि एखादा टाका निसटला तरी सगळी उसवत नाही.

धाग्याचं म्हणाल तर सुती धागा जाळीला उत्तम, पण कड्याला जड आणि कमी ताणणारा. तिथं ॲक्रिलिक बरं. केसाळ, मोहेरसारखी लोकर दोन्हीला नको. काढताना तिच्यात आपलेच केस गुंततात. जाळी धुतली की पटकन वाळते, भरलेलं कडं मात्र आतून ओलं राहतं, म्हणून ओल्या केसांत ते घालू नका.

केस पातळही आणि पायऱ्यांचेही असतील तर दोन्ही विणावं लागेल, आधी कडं. त्यावर अंबाडा बांधून माप घ्या आणि मगच जाळीचा शेवटचा फेरा बंद करा, नाहीतर ती तोकडी पडते.