युद्धकाळातला टुटू, महाद्वार रोडच्या ड्रेपरीतला

कोल्हापुरात ड्रेपरी म्हटलं की मावळे, नऊवारी, फेटे आणि वाघाचा मुखवटा. बॅलेचा पोशाख, म्हणजे जाळीच्या घेराचा टुटू, मागितला तर बहुतेक ठिकाणी बाहुलीचा गुलाबी फ्रॉक पुढे येतो. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानानं मात्र १९४०च्या दशकातल्या बॅलेचा वेगळा सेट केलाय, भाड्यानं आणि शिवूनही. मागणी येते ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्यामुळे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. गॅदरिंगला हा विषय घेतला की युद्धकाळातल्या युरोपातला एखादा नाच हवाच असतो. पोलिश लोकनृत्य बसवत असाल तर मात्र इथं जाऊ नका. त्याला फुलाफुलांचा घागरा, मणी भरलेलं जाकीट आणि गळ्यात पोवळ्यांच्या माळा लागतात. तो माल या दुकानात नाही.

आधी एक गैरसमज काढायला हवा, कारण काउंटरवर निम्मी गिऱ्हाइकं तोच घेऊन येतात: युद्धातला पोशाख, म्हणून ठिगळं लावा, मळकट करा. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. रेशीम पॅराशूटकडे वळलं, अमेरिकेत १९४२पासून नायलॉनही. त्याआधी मे १९४०मध्ये सॅडलर्स वेल्स ही लंडनची बॅले मंडळी हॉलंडच्या दौऱ्यावर असताना जर्मन फौजा आत शिरल्या. नर्तक कसेबसे परतले. पडदे, पोशाख, संगीताचे कागद तिकडेच राहिले. एवढं होऊनही रंगमंचावर गरिबी दाखवायची नाही, हाच त्या शिवणकामाचा सगळा आटापिटा होता. २० फेब्रुवारी १९४६ला लंडनचं कॉव्हेंट गार्डन थिएटर ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेनं पुन्हा उघडलं, तेव्हाही कुपनं चालूच होती. पण ऑलिव्हर मेसेलनं आखलेले पोशाख राजवाड्यातलेच वाटावेत असे होते. तेव्हा ठिगळं नकोत. कापड कमी, चमक बेताची आणि बेतणं पक्कं, एवढंच मागा.

दुकानात घेराचे दोन प्रकार मिळतात. पहिला लेहंग्यात घालतात त्या नायलॉनच्या कॅनकॅन नेटचा, बारा थरांचा. ताटासारखा आडवा उभा राहतो, फोटोत झकास दिसतो आणि काळाच्या हिशोबानं साफ चुकतो; नायलॉनच्या जाळीचा असा ताठ टुटू युद्धानंतरचा. दुसरा सुती मच्छरदाणीच्या जाळीचा, खळ दिलेला. हाच घ्यावा. खळ दिलेल्या विरळ मलमलीचा जुना टुटू जसा मांडीवर घंटेसारखा ओघळायचा, तसाच हा पडतो.

सुती घेराचं काम खरंच बारकाईचं आहे. सात थर, सगळ्यात आतला ३ इंचांचा, पुढचा प्रत्येक थर दोन इंचांनी वाढत वरचा १५ इंचांचा. आतल्या थरांना चार मीटर लांबीची पट्टी चुणून, वरच्यांना साडेपाच. ६० इंची पन्ह्याची सहा मीटर जाळी एका घेराला पुरते. थर कमरेच्या पट्ट्याला लावलेले नाहीत, चड्डीवर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या अंतरानं शिवलेत, आणि तेही चड्डीची मागची शिवण उघडी ठेवून, म्हणजे मशीनखाली कापड सपाट बसतं. मग थर एकमेकांना सैल टाक्यांनी अडकवलेत. इथं कारागिराची परीक्षा असते: टाक्याचा दोरा इंचभर ढिला हवा. आवळला की वरच्या थरावर खळगे पडतात आणि घेर उशीच्या खोळीसारखा दिसतो. इथले टाके ढिलेच आहेत, आणि दोऱ्याचा रंगही जाळीशी मिळता.

खळ साबुदाण्याची: लिटरभर पाण्याला साधारण ५० ग्रॅम साबुदाणा, शिजवून पातळ कापडातून गाळलेला. न गाळता वापरली की जाळीच्या भोकांत पापुद्रे धरतात आणि लाइट पडला की ते पांढरे चमकतात. खळीचा वैरी म्हणजे दमट हवा. डिसेंबर-जानेवारीच्या गॅदरिंगला काही अडचण नाही, पण जुलै-ऑगस्टच्या कार्यक्रमाला हा घेर दुसऱ्या अंकापर्यंत मांडीला चिकटतो. पावसाळ्यात न्यायचाच असेल तर सातपैकी आतले दोन थर नायलॉनचे टाकून द्या म्हणावं. बाहेरून कळत नाही, आणि आधार टिकतो.

चोळीचा भाग कमजोर आहे, आणि तिथं दुकानाशी थोडं भांडावं लागतं. शिवणारे हात ब्लाउजचे. त्यामुळे पुढे दोन टक्स, मागे चेन. मुलीनं हात वर केले की सगळा पोशाख दोन इंच वर चढतो. बॅलेची चोळी सहा ते आठ उभ्या तुकड्यांची असते, कापडाच्या उभ्या धाग्यात कापलेली, आत ड्रिलचं अस्तर. हे सगळं समजावत बसण्यापेक्षा ‘प्रिन्सेस कट, पुढे-मागे दोन्हीकडे’ एवढं सांगा. ते इथल्या कुठल्याही टेलरला कळतं. कमरेखाली चार-पाच इंचांची वेगळी पट्टी आणि तिच्याखाली घेर, हेही लिहून द्या. चोळी थेट घेराला जोडली की हात उचलताना घेरही उचलला जातो. चेनऐवजी हुक आणि आकड्यांच्या दोन ओळी मागा. चेन विंगेत दगा देते तेव्हा हातात काही उरत नाही. हुक निसटला तर एकच निसटतो. शिवाय दोन ओळी असल्या की तोच पोशाख दोन मापांच्या मुलींना चालतो, म्हणजे भाड्याच्या धंद्यात फायदा दुकानाचाच.

कापड चकचकीत पॉलिस्टर सॅटिनचं देतात. नको म्हणा. सुती सॅटिन घ्या आणि चहाच्या पाण्यातून काढून मागा. ते काम दुकान फुकट करतं. आठ लिटर उकळत्या पाण्यात १०० ग्रॅम भुकटी, गाळून, पंधरा मिनिटं बुडवून. पांढरंशुभ्र कापड एलईडीच्या लाइटात निळं मारतं, चहाचा हलका बदामी रंग अंगाच्या रंगाशी जुळतो. सजावटीत मात्र या लोकांचा हात कुणी धरू नये: टिकल्यांऐवजी बेगड, जुन्या साडीचे जरीचे काठ उलटे लावून मंद केलेले, डोक्यावरच्या मुकुटाला तारेवर गुंडाळलेला कापूस. मेसेलही पाइप क्लीनरसारख्या फुटकळ वस्तूंतून शिरोभूषणं करण्याबद्दल प्रसिद्ध होता. ही जात तीच.

पायताणात फसू नका. टोकावर उभं राहायचे बूट भाड्यानं घेऊच नयेत. ते घालणाऱ्या एकाच मुलीच्या पायावर बसलेले असतात. दुकान सपाट कॅनव्हासचे देतं, त्यांना चप्पल लाईनमधून कातडी तळ लावून आणतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं इथं उपयोगाचं नाही, ते वळत नाही. बकऱ्याचं मऊ कातडं, खरखरीत बाजू जमिनीकडे, असं सांगा. गुळगुळीत बाजू खाली गेली तर लाकडी स्टेजवर पाय सटकतो. नाटकातल्या रस्त्यावरच्या प्रसंगालाही हेच जोडे चालतील. युद्धकाळात अमेरिकेत फॅशन डिझायनर क्लेअर मॅकार्डेलनं कॅपेझिओ या नाचाचे जोडे करणाऱ्या कंपनीकडून बॅलेचे जोडे टणक तळ लावून बाहेर वापरायला करून घेतले होते. चामड्याच्या बुटांवर निर्बंध आले तेव्हा ती फॅशनच झाली.

भाडं तीन दिवसांचं ६०० रुपये, अनामत १,५००. शिवून हवा तर ४,५०० आणि तीन आठवडे. डिसेंबरात पाच धरा. ट्रायल एकच देतात, तीही मांजरपाटाच्या कच्च्या चोळीवर, आणि ते योग्यच आहे. त्या ट्रायलला मुलीला नुसतं उभं करू नका. हात वर, कमरेत वाक, एक उडी, एवढं करून घ्या.

राग येतो तो पॅकिंगचा. एवढ्या निगुतीनं खळ दिलेला घेर हे लोक घडी घालून झबलं पिशवीत कोंबतात, आणि रिक्षातून घरी पोहोचेपर्यंत त्याच्यावर कायमच्या मुरड्या. घरून मोठी बांबूची टोपली किंवा खोका न्या, घेर उलटा करून, चोळी खालच्या बाजूला येईल असा ठेवा. परत देताना धुऊ नका. घामाचा भाग आतून ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. धुतलेला आला तर खळीचे १५० रुपये अनामतीतून कापतात, पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय.