गूगल शीट्स: ऑफिस एकीकडे, गोडाऊन दुसरीकडे असेल तर

ऑफिस वागळे इस्टेटला आणि गोडाऊन महाप्याला किंवा तुर्भ्याला, अशा धंद्यात स्टॉकची फाइल अजून व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरते. 'स्टॉक फायनल', 'स्टॉक फायनल २', 'स्टॉक फायनल नवीन'. त्यातली खरी कोणती, यावर महिनाअखेरीला वाद. गूगल शीट्स, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं गूगलचं एक्सेलसारखं शीट, २००६ सालापासून आहे आणि या दुखण्यावर चांगलं लागू पडतं. फुकट खात्यातही दोन्हीकडची माणसं एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहू शकतात. एक्सेलही मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ठेवून असंच वापरता येतं, पण सगळ्यांकडे जीमेल आधीच असल्यामुळे शीट्सची सुरुवात सोपी जाते.

मात्र जुनी एक्सेल अपलोड केली की काम झालं, असं नाही. फाइल मेनूतून 'सेव्ह अ‍ॅज गूगल शीट्स' करा. एक्सेलचे मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅम्स) इथे चालत नाहीत, ते गूगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्ट या कोडमध्ये नव्याने लिहावे लागतात. बिलं मॅक्रोवर निघत असतील तर तेवढं काम एक्सेलमध्येच राहू द्या.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. फाइलचं लोकेल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते सेटिंग, अमेरिकेचं असेल तर ०५/०३ म्हणजे ५ मार्च टाकायला जावं आणि नोंद ३ मे होते. १३/०३ टाकलं तर तेरावा महिनाच नसल्यामुळे ते नुसतं मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसतं आणि महिन्याच्या बेरजेतून गळतं. फाइल > सेटिंग्जमध्ये लोकेल इंडिया करा, पण नोंदी सुरू करण्याआधी. नंतर बदलल्याने चुकीच्या पडलेल्या तारखा दुरुस्त होत नाहीत.

दुसरी कटकट फिल्टरची. एकाने साधा फिल्टर लावला की समोरच्याच्याही स्क्रीनवरून ओळी गायब, मग गोडाऊनमधून फोन: माल उडाला का? डेटा मेनूतला 'फिल्टर व्ह्यू' प्रत्येकाचा वेगळा राहतो, तोच वापरायची सवय लावा. फॉर्म्युल्याचे कॉलम आणि ओपनिंग स्टॉक 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'ने बंद करून टाका.

खरी कमाल हिस्टरीची. सेलवर राइट क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' पाहिलं की २४० चे २४ कुणी आणि कधी केले ते दिसतं. पण 'लिंक असलेला कुणीही एडिट करेल' अशी मोकळीक दिली असेल तर तिथे नाव येत नाही. प्रत्येकाला त्याच्या ईमेलवरच शेअर करा, आणि ज्याला फक्त बघायचंय त्याला व्ह्यूअर ठेवा.

मराठी पार्ट्यांची नावं शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ब्राउझरमध्ये रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. फाइलमध्ये मुळात तीच अक्षरं होती, मराठी रूप फक्त फॉन्टचं होतं. आधी ती नावं युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट कुठलाही असला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या.

जागा १५ जीबी, पण जीमेल आणि फोटोंसकट. शीट्स त्यातलं फारसं खात नाहीत, फोटो खातात, आणि कोटा भरला की मेलही येईनासे होतात.

फाइल कुणाच्या खात्यावर आहे हे मात्र पहिल्याच दिवशी बघा. क्लार्कने स्वतःच्या जीमेलवरून बनवली असेल तर मालकी त्याची. त्याने नोकरी सोडताना डिलीट केली तर ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, आणि परत आणणंही त्याच्याच हातात. ऑफिसच्या नावाचं एक खातं काढा आणि फाइल तिथूनच बनवा.