पूर्व भागातला माझा दुसरीचा वर्ग आणि स्टोरीवीव्हर

सोलापूरच्या पूर्व भागात माध्यम मराठी असलं तरी निम्म्या वर्गाचं घर तेलुगू बोलतं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. त्याच बाकावर अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा मुलगा, शेजारी घरी दखनी बोलणारी मुलगी, मागे बंजारा तांड्यावरून येणारा. या सगळ्यांना एकत्र वाचायला बसवायचं तर पाठ्यपुस्तक पुरत नाही. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ मात्र मला मनापासून आवडलं.

२०१५ पासून सुरू असलेल्या या संकेतस्थळावर सचित्र गोष्टी मोफत आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्यांत. एकच गोष्ट त्याच चित्रांसह अनेक भाषांत सापडते. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, त्यामुळे श्रेय देऊन छापायला, वाटायला, आपल्या भाषेत करायलाही मोकळीक.

मी गोष्टीच्या मराठी आणि तेलुगू प्रती काढते. ही मुलं तेलुगू फडाफडा बोलतात, पण लिपी त्यांना येत नाही. बऱ्याच आजोबांना मात्र येते, कारण त्यांच्या वेळी इथे तेलुगू माध्यमाच्या शाळा भरलेल्या असत. म्हणून तेलुगू प्रत घरी जाते. दुसऱ्या दिवशी, एरवी नुसती मान हलवणारी मुलगी चित्रावर बोट ठेवून उभी राहते: "बाई, आमचे ताता शेवट वेगळं सांगितले!" ताता म्हणजे आजोबा. मग कन्नडवाल्यालाही त्याच्या घरचा शेवट सांगायचा असतो. फळ्यावर दोन्ही शेवट मांडायचे, कोणता पटतो यावर भांडू द्यायचं आणि मग मराठीत तीन वाक्यं लिहायला सांगायचं. ज्या मुलाला आदल्या आठवड्यात एक वाक्य जमत नव्हतं, तो पाटी भरून आणतो. भाषा सरमिसळ झाली तर त्या वेळी मी अजिबात टोकत नाही.

गोरमाटी या बंजारा बोलीसाठी तांड्यावरच्या एका आजींना बोलावलं. त्यांनी चित्रं पाहून गोष्ट सांगितली आणि मी ती देवनागरीत उतरवून घेतली. तांड्यावरच्या मुलाने ती अख्ख्या वर्गाला वाचून दाखवली.

मोबाईलवर वर्गभर गोष्ट दाखवायच्या फंदात पडू नका, मागच्या बाकांना काही दिसत नाही. झेरॉक्समध्ये गडद चित्रं काळी येतात, तेव्हा फिकट रंगांची गोष्ट निवडा. भाषांतरं कुणीही करू शकत असल्याने वर्गात नेण्याआधी प्रत्येक गोष्ट स्वतः वाचा. येत नसलेल्या भाषेतली एखाद्या पालकाकडून वाचून घ्या. दुसरीला पहिल्या पातळीपासून सुरुवात बरी.